‘मी जायचे’ म्हणता ना? मग ‘ईबा’ तुमचंच आहे

सदराकडे आलेलं पत्र:

ताई, दहा महिन्यांपासून स्पॅनिश शिकते आहे. वर्तमानकाळ जमला, साधा भूतकाळही पाठ झाला, पण इम्पेरफेक्तो, म्हणजे स्पॅनिशमधला दुसरा भूतकाळ, आला आणि माझा हातच थांबला. वर्गात सांगितलं होतं की इंग्रजीत ‘वॉज डूइंग’ किंवा ‘यूज्ड टू’ असेल तिथे इम्पेरफेक्तो लावायचा. मी तसंच लावते आणि निम्मं चुकतं. लहानपणावरच्या निबंधात लिहिलं, ‘क्वांदो एरा निन्या, कादा बेरानो फुई आ ला कासा दे मिस आब्वेलोस’. लहान असताना दर उन्हाळ्यात आजीआजोबांच्या घरी जायचे, असं मला म्हणायचं होतं. ‘फुई’खाली लाल रेघ आली. मग ठरवलं, आता सगळीकडे इम्पेरफेक्तोच घालायचा. पुढच्या निबंधात ‘आयेर एस्क्रिबीआ उना कार्ता’, म्हणजे काल पत्र लिहिलं, असं लिहिलं. त्याखालीही लाल रेघ! रूपं तोंडपाठ आहेत, पण लिहायला बसलं की कोणतं घ्यावं कळत नाही. ए-दोन पातळीची परीक्षा तोंडावर आली आहे. मला भाषेचं अंगच नाही का? – गोंधळलेली विद्यार्थिनी

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना एका जागी थांबले. स्पॅनिश वाक्य झाल्यावर तुम्ही त्याचा अर्थ लिहिला आहे, ‘आजीआजोबांच्या घरी जायचे’. तुम्ही ‘गेले’ लिहिलं नाहीत, ‘जायचे’ लिहिलंत. पत्राचा अर्थ देताना मात्र ‘लिहायचे’ न म्हणता ‘लिहिलं’ म्हणालात. म्हणजे स्पॅनिशमध्ये ज्या दोन्ही ठिकाणी तुमची निवड चुकली, तिथे मराठीत ती न विचार करता बरोबर आली. भाषेचं अंग नसलेल्या माणसाच्या हातून असं घडत नाही. तुम्ही फक्त लांबच्या रस्त्याने चालला आहात: मराठीतला विचार आधी इंग्रजीत नेता आणि तिथून स्पॅनिशमध्ये आणता. या मधल्या मुक्कामात नेमकी हवी ती गोष्ट हरवते.

कशी हरवते ते बघा. इंग्रजीत ‘आय वेंट’ हे एकदा गेल्यालाही चालतं आणि दर उन्हाळ्यात जाण्यालाही चालतं. ‘व्हेन आय वॉज अ चाइल्ड, आय वेंट देअर एव्हरी समर’ हे अगदी शुद्ध इंग्रजी आहे. त्यात ‘वॉज गोइंग’ही नाही आणि ‘यूज्ड टू’ही नाही. तुम्ही वर्गातला नियम प्रामाणिकपणे लावलात, दोन्ही खुणा दिसल्या नाहीत, म्हणून ‘फुई’ लिहिलंत. इंग्रजीच्या साध्या भूतकाळात दोन अर्थ एकाच कपड्यात फिरतात. मराठीत त्यांचे कपडे वेगळे आहेत. एकदा घडून गेलं ते ‘गेले’, नेहमी घडायचं ते ‘जायचे’ किंवा ‘जात असे’, आणि त्या क्षणी चालू होतं ते ‘जात होते’. स्पॅनिश शेवटच्या दोघांना एकच रूप देते, ‘ईबा’. पहिल्याला देते ‘फुई’. तीन खणांतलं सामान दोन खणांत ठेवायचं, एवढंच आपलं काम. इंग्रजीवाल्याला मात्र एकाच खणातलं सामान उपसून दोन खणांत वाटावं लागतं, आणि ते खरंच अवघड आहे.

रूपं पाठ आहेत म्हणता, तरी एकदा नजर टाकू, कारण ती कानाला कशी लागतात याचा पुढे उपयोग होईल. (मी इथे उच्चाराप्रमाणे लिहिते आहे. स्पॅनिशमध्ये ‘बे’ आणि ‘ऊबे’ या दोन अक्षरांचा उच्चार सारखाच होतो, म्हणून दोन्हींना ‘ब’.) ‘आब्लार’, म्हणजे बोलणे, हे ‘आर’ गटातलं क्रियापद घ्या. ‘आर’ काढला की उरलेल्या भागाला जोड लागते: यो (मी) आब्लाबा, तू आब्लाबास, एया (ती) आब्लाबा, नोसोत्रोस (आम्ही) आब्लाबामोस, बोसोत्रोस (तुम्ही सगळे) आब्लाबाइस, एयोस (ते) आब्लाबान. मोठ्याने म्हणून बघा. जोर सहाही वेळा ‘ब्ला’वरच पडतो, तो जागचा हलत नाही. ‘नोसोत्रोस’च्या रूपात लिहिताना त्या ‘आ’वर तिरकी रेघ येते ती यासाठीच. शब्द लांबला तरी जोर पुढे घसरू नये म्हणून. बाकी पाच रूपांना ती रेघ लागत नाही. आणि हा ‘बा’ लिहिताना कायम ‘बे’ अक्षर वापरायचं, ‘ऊबे’ नाही. कानाला फरक कळत नसल्यामुळे ही चूक खुद्द स्पॅनिशभाषक मुलांकडूनही होते.

‘एर’ आणि ‘ईर’ हे दोन गट इथे एक होतात, ही या काळाची सगळ्यात मोठी मेहेरबानी. ‘कोमेर’ म्हणजे खाणे: कोमीआ, कोमीआस, कोमीआ, कोमीआमोस, कोमीआइस, कोमीआन. ‘बिबीर’ म्हणजे राहणे किंवा जगणे: बिबीआ, बिबीआस, आणि पुढे तसंच. इथे सहाही रूपांत ‘ई’वर रेघ येते आणि ती सजावटीची नाही. रेघ गेली की ‘ई’ आणि ‘आ’ मिळून ‘या’ होतात आणि शब्दच बदलतो. ‘साबीआ’ म्हणजे माहीत होतं. रेघ काढा, ‘साब्या’ म्हणजे शहाणी बाई. ‘आसीआ’ म्हणजे करत होते. रेघ काढा, ‘आस्या’ म्हणजे ‘च्या दिशेने’. परीक्षेत ही रेघ विसरू नका.

इथे मला फार आवडणारी एक गोष्ट सांगते. आपल्या जुन्या मराठीत नेहमीच्या भूतकाळासाठी एका शब्दाचं रूप होतं: मी करी, तू करीस, तो करी. आता बोलण्यात ते राहिलं नाही, पण गोष्टींत, ओव्यांत आणि जुन्या गद्यात ‘तो रोज पहाटे येई’ अजून भेटतं. ते रूप आणि ‘कोमीआ, कोमीआस, कोमीआ’ शेजारी ठेवा. दोन्हीकडे ‘ई’ आहे. दोन्हीकडे ‘मी’ आणि ‘तो’ यांचं रूप एकच. दोन्हीकडे ‘तू’ला शेवटी ‘स’. या ‘ई’मध्ये काही नातं शोधू नका, तो योगायोग आहे. पण ‘येई, देई, करी’ म्हणताना जी संथ लय कानात येते ती ‘बेनीआ, दाबा, आसीआ’ यांनाही लागू पडते. मी स्वतः हा काळ या लयीवरूनच पक्का केला.

‘आब्लाबा’तल्या ‘ब’चं खरं नातं आहे लॅटिनशी. लॅटिनमध्ये हा ‘ब’ सगळ्याच गटांत होता. ‘आर’ गटात तो टिकला, ‘एर’ आणि ‘ईर’ गटांत गळून पडला आणि ‘ईआ’ उरला. इटालियन या बहिणीने तिन्हीकडे तो ‘व’ करून जपला: पार्लावा, क्रेदेवा, दोर्मीवा. हे कळलं की ‘ईबा’ विचित्र वाटत नाही. ‘ईर’, म्हणजे जाणे, या क्रियापदाने जुना ‘ब’ सोडला नाही, एवढंच.

अनियमित क्रियापदं किती? फक्त तीन. ‘ईर’चं ‘ईबा’, ‘सेर’चं (म्हणजे असणे) ‘एरा’, आणि ‘बेर’चं ‘बेईआ’. त्यातलं ‘बेर’, म्हणजे पाहणे, तर नावापुरतंच अनियमित आहे. त्याचं जुनं रूप ‘बेएर’ होतं, त्यातला एक ‘ए’ या काळात टिकून राहिला. बाकी सगळी क्रियापदं सरळ चालतात. वर्तमानकाळात ज्यांनी छळलं तीसुद्धा. ‘दोर्मीर’चं वर्तमानात ‘द्वेर्मो’ होतं, इथे साधं ‘दोर्मीआ’. ‘पेदीर’चं ‘पीदो’ होतं, इथे ‘पेदीआ’. ‘खुगार’चं ‘ख्वेगो’ होतं, इथे ‘खुगाबा’. अर्जेंटिनात ‘तू’च्या जागी ‘बोस’ म्हणतात आणि वर्तमानकाळात त्याची रूपं वेगळी असतात, पण या काळात ‘बोस आब्लाबास’, म्हणजे ‘तू’चंच रूप. लॅटिन अमेरिकेत ‘बोसोत्रोस’ वापरतच नाहीत, ‘उस्तेदेस आब्लाबान’ म्हणतात, त्यामुळे तिथे एक रूप कमीच लागतं.

एक अडचण मात्र खरी आहे. ‘यो आब्लाबा’ आणि ‘एया आब्लाबा’ सारखेच. स्पॅनिशमध्ये सर्वनाम गाळायची सवय तुम्हाला लावली असेल, पण दोन माणसांची गोष्ट सांगताना इथे ती सवय बाजूला ठेवा आणि ‘यो’, ‘एया’ बिनधास्त लिहा.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कोणतं घ्यायचं?

मी तुम्हाला एक मराठी चाचणी देते. वाक्यातल्या ‘मी’च्या जागी ‘ती’ घाला आणि पाहा ‘ती’ राहते की ‘तिने’ होते. ‘मी पत्र लिहिलं’चं होतं ‘तिने पत्र लिहिलं’. ‘ने’ आला, म्हणजे काम एक गठ्ठा म्हणून पुरं झालं, तर स्पॅनिशमध्ये साधा भूतकाळ घ्या: एस्क्रिबी, एस्क्रिब्यो. ‘मी पत्र लिहीत होते’चं होतं ‘ती पत्र लिहीत होती’. ‘मी पत्रं लिहायचे’चं होतं ‘ती पत्रं लिहायची’. ‘ने’ आला नाही, तर इम्पेरफेक्तो घ्या: एस्क्रिबीआ. तुमचं दुसरं वाक्य या चाचणीत लगेच सापडतं. ‘आयेर एस्क्रिबीआ उना कार्ता’ हे एकटं वाक्य ऐकलं की स्पॅनिश माणूस पुढची गोष्ट ऐकायला थांबतो, कारण त्याच्या कानावर ‘काल मी पत्र लिहीत होते…’ एवढंच पडलेलं असतं.

ही चाचणी सकर्मक क्रियापदांपुरती. ‘जाणे, येणे, झोपणे’ यांना मराठीत ‘ने’ लागतच नाही, तिथे ‘गेली’ की ‘जायची’ एवढंच बघायचं. ‘शिकणे, विसरणे, म्हणणे’ हीसुद्धा ‘ने’ घेत नाहीत. पण रोजच्या लिखाणात ही चाचणी इतक्या वेळा उपयोगी पडते की माझे विद्यार्थी आधी तीच लावून बघतात.

आणि ‘इम्पेरफेक्तो’ या नावाने घाबरू नका. त्याचा शब्दशः अर्थ अपूर्ण, आणि त्यावरून बऱ्याच जणांना वाटतं की काम अर्धवट राहिलं असेल तरच हे रूप घ्यायचं. तसं नाही. आजोबांकडे जाणं कधीच संपलं असेल, कदाचित ते घरही आता नसेल, तरी ‘ईबा’च. काम संपलं की नाही हा प्रश्नच नाही. सांगणारा त्या काळाच्या आत उभा राहून बोलतो की बाहेरून त्याकडे पाहतो, हा प्रश्न आहे. व्हेनेझुएलात जन्मलेल्या आणि चिलीत स्थायिक झालेल्या आंद्रेस बेयो यांनी 1847 मध्ये लॅटिन अमेरिकेतल्या स्पॅनिशभाषकांसाठी व्याकरण लिहिलं, त्यात त्यांनी या काळाला ‘कोप्रेतेरितो’ म्हटलं. ‘को’ म्हणजे सोबत. भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या गोष्टीच्या सोबतीने जे चालू होतं ते. मेक्सिकोतल्या शाळांमध्ये आजही हेच नाव शिकवतात. मला ते जास्त खरं वाटतं. मराठीत मी त्याला ‘सोबतीचा भूतकाळ’ म्हणते.

‘सोबत’ हा शब्द धरून ठेवलात की बरेच उपयोग आपोआप जागेवर बसतात. वय घ्या: ‘तेनीआ द्येस आन्योस’, मी दहा वर्षांची होते. (आपण ‘होते’ म्हणतो म्हणून ‘एरा’ लिहू नका. स्पॅनिशमध्ये वय ‘असतं’ तेही ‘तेनेर’ने, म्हणजे जवळ बाळगण्याने.) हवा, घराचं वर्णन, माणसाचा स्वभाव, मनातलं वाटणं हे सगळं मुख्य घटनेच्या सोबतीला असतं, म्हणून इम्पेरफेक्तोत. ‘आबीआ मूचोस लीब्रोस’, बरीच पुस्तकं होती. पुस्तकं कितीही असली तरी इथे ‘आबीआ’ एकवचनीच राहतं. आपल्या ‘होतं’ आणि ‘झालं’ या जोडीचीही मदत घ्या. ‘मला माहीत होतं’ हे ‘साबीआ’, ‘मला कळलं’ हे ‘सुपे’. ‘मी तिला ओळखत होते’ हे ‘कोनोसीआ’, ‘तिची ओळख झाली’ हे ‘कोनोसी’. स्पॅनिश एकच क्रियापद घेते आणि काळ बदलून अर्थ बदलते. मराठी त्या जागी शब्दच बदलते. पण दोन्हींमधला फरक नेमका तोच आहे.

सौजन्याचा वापर तर इतका मिळताजुळता आहे की मला दर वेळी शिकवताना आनंद होतो. आपण कोणाकडे जाऊन म्हणतो, ‘मला जरा विचारायचं होतं’. विचारायचं तर आत्ता असतं, तरी ‘होतं’ म्हणतो, म्हणजे विनंती मऊ होते. स्पॅनिशमध्ये तेच: ‘केरीआ प्रेगुन्तार्ले आल्गो’. तोंडी परीक्षेत परीक्षकांना काही पुन्हा सांगायला विनवायचं झालं, तर ‘केरीआ’ने सुरुवात करा. ‘क्येरो’पेक्षा ते कितीतरी बरं ऐकू येतं. ‘फोन करणार होते, पण राहून गेलं’ यातलं ‘करणार होते’सुद्धा तसंच सरळ उतरतं: ‘ईबा आ यामार’.

एवढं सगळं मराठीवर सोपवल्यावर, मराठी कुठे दगा देते तेही सांगायलाच हवं. या जागा थोड्या आहेत, पण तुम्ही माझं ऐकून मराठीवर भरवसा ठेवाल तेव्हा नेमक्या त्याच भेटतील.

पहिली जागा म्हणजे ‘होते’ हा शब्द. त्याच्या नादी लागू नका, त्याच्या आधीचं रूप बघा. ‘जात होते’ असेल तर ‘ईबा’. पण आपण सहज म्हणतो, ‘मागच्या वर्षी आम्ही माद्रिदला गेलो होतो’. इथे ‘होतो’ आहे, तरी एकदाच घडलेली, पुरी झालेली गोष्ट आहे. ‘एल आन्यो पासादो फुईमोस आ माद्रीद’. तिथे ‘ईबामोस’ लिहिलंत तर ऐकणारा विचारेल, जात होतात, मग काय झालं? याच्या उलट, ‘तीन वाजले होते’ यात ‘वाजले’ आहे, पण स्पॅनिशमध्ये भूतकाळातली घड्याळाची वेळ इम्पेरफेक्तोतच सांगतात: ‘एरान लास त्रेस’. ‘मी आले तेव्हा तो झोपला होता’ यातलं ‘झोपला होता’ ही अवस्था आहे, तो त्या वेळी झोपेत होता, म्हणून ‘क्वांदो येगे, दोर्मीआ’. ‘बसले होते’चंही तसंच, ‘एस्ताबा सेन्तादा’. ‘-ले होते’ दिसलं की घटना आहे की अवस्था, एवढा एक प्रश्न स्वतःला विचारायचा.

दुसरी जागा मोजलेल्या काळाची. ‘मी दहा वर्षं सेबियात राहत होते’ हे मराठीत खुशाल चालतं, आणि ‘राहत होते’ दिसतं म्हणून हात ‘बिबीआ’कडे जातो. पण दहा वर्षं म्हणून तुम्ही त्या काळाला दोन्ही टोकांनी कुंपण घातलंत. कुंपण पडलं की स्पॅनिश बाहेरून बघते: ‘बिबी द्येस आन्योस एन सेबिया’. काळ कितीही लांब असो, ‘शंभर वर्षं’ म्हटलं तरी साधा भूतकाळच. ‘तीनदा गेले’, ‘पाच वेळा वाचलं’ हेही मोजलेलंच. मात्र ‘तोवर दहा वर्षं सेबियात राहत होते आणि पुढेही राहणार होते’ असा अर्थ असेल, तर कुंपणाचं एक टोक उघडं राहतं आणि इम्पेरफेक्तो परत येतो: ‘आसीआ द्येस आन्योस के बिबीआ एन सेबिया’. या एका मुद्द्यावर मी माझ्या विद्यार्थ्यांना सगळ्यात जास्त सराव देते, कारण इथे मराठी काहीच इशारा देत नाही.

तिसरी जागा दुसऱ्याचं बोलणं सांगण्याची. आपण म्हणतो, ‘ती म्हणाली की मी येते आहे’ किंवा ‘मला वाटलं तू इथेच राहतेस’. आतलं वाक्य मराठीत वर्तमानकाळातच राहतं. स्पॅनिश त्यालाही मागे ओढते: ‘दीखो के बेनीआ’, ‘क्रेईआ के बिबीआस आकी’. मला कबूल आहे की पहिले काही महिने हे कृत्रिम वाटतं. ‘दीखो के’ आणि ‘क्रेईआ के’ हे दोन तुकडे इम्पेरफेक्तोसकटच पाठ करून टाका, म्हणजे ऐन वेळी विचार करावा लागणार नाही.

‘एस्ताबा कोम्येन्दो’बद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या ‘वॉज डूइंग’ नियमामुळे तुम्ही ते फार वापरत असाल असा माझा अंदाज आहे. ‘त्या क्षणी जेवत होते’ एवढ्यासाठी ते चांगलंच आहे. ‘जेवायचे’ या अर्थाने वापरू नका. आणि जिथे साधं ‘बिबीआ’ पुरतं तिथे ‘एस्ताबा बिबिएन्दो’ म्हणू नका, त्यात ‘तात्पुरती राहत होते’ असा रंग येतो.

परीक्षेला थोडेच दिवस राहिले आहेत, म्हणून नवीन तक्ते करू नका. रोज आठ ओळी मराठीत लिहा. विषय लहानपणाचा घ्या, कारण तिथे ‘जायचे, यायचे, असायचं’ आपसूक येतं. सात ओळी ‘-यचे’ आणि ‘-त होते’च्या, आणि आठवी ‘एक दिवस’ने सुरू होणारी. त्या ‘एक दिवस’वर काळ कसा उलटतो ते मराठीत डोळ्यांनी बघा, आणि मगच स्पॅनिशमध्ये उतरवा. मध्ये इंग्रजी शब्दकोशसुद्धा उघडू नका.

तुमची दोन लाल रेघांची वाक्यं एकत्र करून मी एक उतारा केला आहे. मोठ्याने वाचा.

‘क्वांदो एरा निन्या, कादा बेरानो ईबा आ ला कासा दे मिस आब्वेलोस. ला कासा तेनीआ उन पात्यो ग्रांदे. मी आब्वेलो लेईआ ई यो एस्कुचाबा. उन दीआ येगो उना कार्ता. मी आब्वेलो आब्रियो ला कार्ता ई नो लेयो मास.’

लहान असताना दर उन्हाळ्यात मी आजीआजोबांच्या घरी जायचे. घराला मोठं अंगण होतं. आजोबा वाचायचे आणि मी ऐकायचे. एक दिवस पत्र आलं. आजोबांनी ते पत्र उघडलं आणि पुढे वाचलं नाही.

‘आजोबा वाचायचे’, पण ‘आजोबांनी उघडलं’. मराठीत ‘नी’ ज्या ओळीत आला, स्पॅनिशमध्ये ‘आब्रियो’ त्याच ओळीत आलं. आणि त्याच्या आधी ‘येगो’ ऐकू आलं तेव्हा अंगणातली ती संथ दुपार मोडली, हे तुम्हाला जाणवलं असेल.

पुढच्या तीन ओळी तुम्ही लिहा. पत्र कोणाचं होतं, आजोबांचा चेहरा कसा दिसत होता आणि तेव्हा तुम्ही कुठे बसला होतात. तिन्हींना इम्पेरफेक्तो लागेल, आणि तिसऱ्या ओळीत ‘बसले होते’ येतं आहे, तिथे सांभाळा. लिहून पाठवा, मी वाट पाहते.

तुमची,
सदरवाली ताई